सात साते पन्नास

आज गोष्ट आमच्या घरातल्या एका टेबलाची. नवीन नाही हं, सेकंडहँड.

बाबांनी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो ना, तोच. टेबल सागवानी. सागाच्या लाकडातच तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही. म्हणून अशी टेबलं दोन-तीन घरं बघतात.

ड्रॉवर उघडला, तर आत कुण्या पोराने कर्कटकाने सातचा पाढा कोरलेला. सात साते पन्नास! सुतारकाका म्हणाले, "रंधा मारतो, जाईल." बाबा म्हणाले, "राहू द्या. त्या पोराने मार खाल्ला असेल यासाठी."

मग आमची भर पडली. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा डाग, माझी दहावीची शाई, बाबांच्या चहाच्या कपाचं गोल वळं.

बाबा गेले. आई माझ्याकडे वन बीएचकेत आली. टेबल काही मावेना. मी आईला न विचारताच फोटो काढून ते ऑनलाइन विकायला टाकलं. तिला कळलंच. एवढंच म्हणाली, "वीक. पण पॉलिश करून देऊ नकोस."

घ्यायला एमपीएससी करणारी एक मुलगी आली. ड्रॉवर उघडून हसली. "काकू, हे चुकलंय ना?"

"हो गं. तसंच राहू दे."

टेम्पो गेला. चहाच्या त्या वळ्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. अजून उघडून बघितला नाहीये.

तुमच्या घरात काही विकायला काढलंय? आधी घरच्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात.