दिलेला शब्द

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



भिंगारकडे जाताना आपला भुईकोट किल्ला आपण नेहमी पाहतो. हुसेन निजामशाहाने बांधलेला दगडी तट आणि सभोवतीचा खंदक. चांदबिबीच्या शौर्याची गोष्ट तुम्हांला पाठच आहे. आज मी तिथल्या नि आसपासच्या कैद्यांची गोष्ट सांगणार आहे. पण विषय कैदेचा नाही, दिलेल्या शब्दाचा आहे.

पहिले महायुद्ध 1914 साली सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानातील जर्मन रहिवाशांना इंग्रज सरकारने पकडून अहमदनगरला, म्हणजे आपल्या आजच्या अहिल्यानगरला, आणून ठेवले. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते. 1917 साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे स्विस प्रतिनिधी ही छावणी पाहायला आले. स्वित्झर्लंड युद्धात तटस्थ होते, म्हणून त्यांच्या माणसांवर दोन्ही पक्षांचा विश्वास होता. छावणीचे तीन भाग होते: एक ‘ए’, दुसरा ‘बी’ आणि तिसरा ‘पॅरोल कॅम्प’.

पॅरोल म्हणजे कैद्याची रजा, एवढेच आपण जाणतो. मूळ फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थच ‘शब्द’ असा आहे. ‘मी पळणार नाही’ असा शब्द कैद्याने द्यायचा आणि त्या भरवशावर सरकारने त्याची बंधने सैल करायची. ज्याला कालपर्यंत शत्रू म्हटले, त्याच्या शब्दावर तारेच्या कुंपणाइतकाच विश्वास ठेवायचा! विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे ही.

दुसऱ्या महायुद्धात, 1939 साली, पुन्हा जर्मन लोक नगरला आणले गेले. या वेळी हिटलरचे समर्थक आणि हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित एकाच छावणीत येऊन पडले. कागदावर दोघेही जर्मन, म्हणून दोघेही शत्रू. पुढे चौकशी होऊन अनेक निर्वासितांची सुटका झाली. कागदावरच्या शिक्क्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे आपल्याच गावाने पाहिले.

मग माणूस ओळखावा कशावरून? त्यासाठी तुम्हांला थोडे दूर, आयर्लंडला नेतो.

त्या युद्धात आयर्लंड तटस्थ राहिले. तटस्थ देशाचा नियम असा की, लढणाऱ्या देशाचा सैनिक आपल्या भूमीवर उतरला तर त्याला युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवायचे. वाट चुकून, इंजिन बिघडून, इंग्रजांची विमाने तिथे पडत, तशीच जर्मनांचीही. डब्लिनपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर करा नावाच्या लष्करी ठिकाणी दोन्ही बाजूंच्या वैमानिकांना शेजारी शेजारी ठेवले होते. मध्ये फक्त एक कुंपण. आकाशात एकमेकांवर गोळ्या झाडणारे इथे शेजारी झाले. फाटकाजवळच्या कागदावर सही करून, ‘पळणार नाही, वेळेवर परत येईन’ असा शब्द देऊन त्यांना बाहेर फिरता येई. परत आल्यावर तो शब्द संपे. त्यानंतर पळून जाण्याचा प्रयत्न करणे हे सैनिकाचे कर्तव्यच समजत. बंदी होती ती शब्द मोडून पळण्याला.

इंग्रजांच्या हवाई दलात रोलंड वूल्फ नावाचा एक अमेरिकन वैमानिक होता. 30 नोव्हेंबर 1941 रोजी त्याच्या स्पिटफायर विमानाचे इंजिन तापले. हवाई छत्रीने तो आयर्लंडमध्ये उतरला आणि करा येथे अडकला. 13 डिसेंबरला तो सही करून बाहेर पडला. हातमोजे विसरल्याचे निमित्त करून पुन्हा आत गेला आणि सही न करता परत बाहेर आला. आत शिरलो तेव्हाच शब्द संपला, अशी त्याची पळवाट होती. डब्लिनहून आगगाडीने तो बेलफास्टला, इंग्रजांच्या हद्दीत, पोहोचला.

इंग्रजांना त्या काळी एकेक वैमानिक हवा होता. तरी त्यांनी काय केले? त्याला परत छावणीत पाठवले. शब्दात फट काढून मिळवलेला वैमानिक त्यांनी ठेवून घेतला नाही. तटस्थ देशाशी संबंध बिघडू नयेत हा हिशेबही त्यात होता, हे खरे. पण हिशेबालासुद्धा शब्दाची किंमत कळली, हे विसरू नका.

आता परत आपल्या किल्ल्यात येऊ. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे नेते इथे आणले गेले. अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम मरणपंथाला लागल्या होत्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितले, काही विनंती असेल तर ताबडतोब वर कळवतो. मौलानांनी विनंती केली नाही. ज्या सरकारला ‘चले जाव’ म्हटले, त्याच्याकडे सवलत मागणे म्हणजे स्वतःचाच शब्द मागे घेणे होते. 9 एप्रिल 1943 रोजी बेगम गेल्या. पतिपत्नींची शेवटची भेट झाली नाही. या किल्ल्यात लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’ या पत्रसंग्रहात मौलानांनी ते दुःख सांगितले आहे.

शब्द देऊन बाहेर जाणे सोपे असते. तो पाळण्यासाठी आतच राहणे फार महाग पडते.

पालकहो, शेवटी माझीच एक चूक सांगतो. एक मुलगा कांद्याच्या हंगामात वडिलांबरोबर कामाला गेला. मी त्याला म्हणालो, ‘परत ये, राहिलेले बीजगणित तुला संध्याकाळी शिकवीन.’ तो आला. मी मात्र परीक्षेच्या कामात ‘उद्या ये’, ‘परवा ये’ करीत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. लेखी काही नव्हते, मला कोणी जाब विचारला नाही. पण मीही हातमोजे विसरल्याचेच निमित्त केले होते.

तेव्हा जून महिन्यात ‘मुलीला दहावीपर्यंत शिकवीन’ असे आपण शिक्षकांना सांगता, तो शब्द असतो. ‘तुला पुस्तके आणून देईन’ असे मुलाला म्हणता, तोही शब्दच. विद्यार्थी मित्रांनो, ‘अभ्यास करतो’ हे आईला सांगणे हाही शब्द. त्याला ना कुंपण, ना पहारेकरी.

त्या मुलाच्या घरी मी पुढच्या रविवारी जाणार आहे. हे आता आपल्या सर्वांसमोर सांगितले आहे, म्हणजे मला पळवाट उरली नाही.