सर्पगंधेची लागवड

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत सोडून घाट चढूं लागली, कीं उतारूंचे डोळे दरीकडे वळतात. धबधब्यांची वाखाणणी होते. पण झाडांच्या सावलींत गुडघ्याएवढ्या वाढणाऱ्या झुडपांची विचारपूस कोण करणार? कोंकणच्या दमट रानांतील सर्पगंधा हें असेंच एक झुडूप. एकेका पेरावर सहसा तीन पानें, लालसर देंठांवर पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि पुढें जांभळट काळीं फळें, एवढेंच त्याचें रूप.

त्याचें मोल जमिनीखालीं आहे, आणि तेंच त्याच्या मुळावर आलें आहे. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर या मुळीनें केलेल्या उपचारांचा वृत्तांत इंग्लंडांतील हृदयरोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि वैद्यांच्या पिशवींतील या मुळीस जगभर मागणी आली. फळ तोडलें तरी झाड जगतें; मुळी खणली कीं झाडच गेलें. आतां, १९९० पासून, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

म्हणून ती रानांतून उपटून आणण्यापेक्षां लावणेंच इष्ट. कर्जत-खालापुरांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. हवा तिला मानवते, परंतु भाताचें खाचर मानवत नाहीं. पाणी साचलें कीं मुळी कुजते. परसांतील आंब्या-फणसाची विरळ सावली, थोडा उतार आणि पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली माती असावी.

बियांचा फारसा भरंवसा धरूं नये. पुष्कळ बिया आंतून पोकळ असतात. ताज्या बिया पाण्यांत टाकाव्या. तरंगतील त्या फेंकून द्याव्या, बुडतील त्या रात्रभर भिजवून मेअखेर वाफ्यांत पेराव्या. उगवणीस कित्येक आठवडे लागतात. तोंवर उतावळ्या माणसानें वाफा उकरून पाहूं नये. मुळीचे तुकडे अधिक इमानी. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे पहिल्या पावसाबरोबर उथळ चरींत आडवे ठेवून मातीनें झांकले, तर साधारण महिन्याभरांत कोंब दिसूं लागतात. दीड-दोन वर्षांनीं, हिवाळ्यांत पानें झडल्यावर, मुळ्या काढाव्या; आणि काढतांनाच कांहीं तुकडे पुढच्या पावसाळ्यासाठीं ओलसर वाळूंत जपून ठेवावे.

मुळी घरीं उगाळून घेण्याची मात्र नव्हे. तिनें रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो, मन खिन्न होतें. तें काम वैद्य-डॉक्टरांचें.

रोपें विकत घेतांना आणखी एक सावधगिरी. अमेरिकेंतून आलेली हिची एक धिप्पाड बहीण सर्पगंधा म्हणून खपविली जाते. तिच्या एकेका पेरावर चार पानें असतात, दोन मोठीं व दोन लहान. तीन सारखीं पानें मोजूनच रोप घरीं आणावें.