भीती : मेंदूतील दोन वाटा
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आमच्या अभ्यासिकेतील एक विद्यार्थिनी तोंडी परीक्षेत एक अक्षरही बोलू शकली नाही. हात थरथरले, घसा कोरडा पडला. ती परत आल्यावर आम्ही तिला म्हणालो, "बाबासाहेबांची लेक ना तू? मग घाबरतेस कशाला?" ती खाली मान घालून गेली. ज्या संशोधनाविषयी आज बोलायचे आहे ते वाचल्यापासून आमचेच वाक्य आम्हाला टोचते आहे.

जोसेफ लेडू हे अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ. १९४९ साली लुइझियाना राज्यातील एका लहान गावी जन्म; वडील खाटिक. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा प्रयोग दिसायला साधा आहे. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि लगेच पायाला विजेचा सौम्य झटका द्यायचा. थोड्याच वेळात नुसता आवाज ऐकूनही उंदीर जागच्या जागी थिजतो. हा आवाज मेंदूत कोणत्या वाटेने जातो, याचा त्यांनी माग काढला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले की, कानाकडून येणारा संदेश थॅलॅमस या केंद्रातून फुटून विचार करणाऱ्या बाह्य मेंदूला वगळूनही पुढे जातो आणि उंदीर थिजतो. ही आडवाट अमिग्डला नावाच्या, बदामाच्या आकाराच्या भागाशी पोचते. उंदरात त्या वाटेने संदेशाला सुमारे १२ सहस्रांश सेकंद लागतात. बाह्य मेंदूच्या हमरस्त्याने जवळजवळ दुप्पट. वाटेत दोरी दिसली की पाय आधी मागे येतो, साप नाही हे नंतर कळते, ते यामुळे.

म्हणजे त्या मुलीचे हात तिने विचार करण्याआधीच थरथरले होते. त्यात तिचा भित्रेपणा कुठे आला?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमिग्डला म्हणजे 'भीतीचे केंद्र' असे सर्रास लिहिले जाते, पण पुढे खुद्द लेडू यांनीच त्यास हरकत घेतली. अमिग्डला धोक्याला शरीराचे उत्तर देते. 'मला भीती वाटते' ही जाणीव वेगळी आणि ती विचार करणाऱ्या मेंदूत घडते, असे त्यांचे म्हणणे. उंदराचे थिजणे कमी करणारे औषध माणसाची चिंता घालवीलच असे नाही, हे त्यातून निघते. आपल्याच नावाने रुळलेले मत दुरुस्त करणारा हा माणूस आम्हाला मोठा वाटतो. (ते गिटारही वाजवतात, आणि त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव 'अमिग्डलॉइड्स'!)

आता भीती जाते कशी? झटका न देता तोच आवाज पुनःपुन्हा ऐकवला की थिजणे ओसरते. पण जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर नवे शिक्षण बसते. कपाळामागचा मेंदू त्यात भाग घेतो, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १९९३ साली दाखवले. जागा बदलली की मात्र जुनी भीती डोके वर काढू शकते.

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात भगवान बुद्ध स्वतःच्या साधनाकाळातील भीतीविषयी सांगतात. रात्रीचे अरण्य, मोराने पाडलेली काटकी, वाऱ्याने सळसळणारी पाने. चालताना भीती आली तर चालतच, बसलेले असताना आली तर बसूनच ते तिला सामोरे गेले. विज्ञानाने बुद्ध सिद्ध केला असे कोणी यावरून म्हणू नये; प्रयोगशाळेचे काम वेगळे. पण भीती वाटली हे सांगायला बुद्धांना लाज वाटली नाही, हे आम्ही त्या दिवशी विसरलो होतो.

त्या मुलीची आम्ही क्षमा मागितली. आता दर शनिवारी अभ्यासिकेत सरावाची तोंडी परीक्षा घेतो. परीक्षक दर वेळी नवा आणि जागाही बदलती : कधी वाचनालय, कधी विहाराचा व्हरांडा, कधी कार्यालय. पुढच्या परीक्षेत तिचे हात पुन्हा थरथरले. तिने ते टेबलावर ठेवले आणि उत्तरे दिली.

जयभीम! नमो बुद्धाय!