कॅमेरा कोणता?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेच्या व्यासपीठावर उभं राहून बोलायची माझी ही दुसरी खेप. पहिली आठवीत, १५ ऑगस्टला. चौथ्या वाक्याला भाषण विसरले आणि "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" म्हणून खाली बसले. म्हणून आज कागद आणलाय.

गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी समुद्री गरुडाचा फोटो टाकला होता. पांढऱ्या पोटाचा, पायात मासा धरलेला. अर्ध्या लोकांनी अंगठा दाखवला, उरलेल्यांनी एकच विचारलं: "कॅमेरा कोणता? केदयाक पडलो?" तेव्हा मी उत्तर टाळलं. आज देते.

कॅमेरा सेकंडहँड आहे, क्रॉप सेन्सरचा. त्यावर १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स. क्रॉप सेन्सरमुळे ६०० ची लेन्स ९०० सारखं काम करते, म्हणजे थोड्या पैशात पक्षी जवळ येतो. लेन्सचं वजन दोन किलो, साधारण तीन सोललेल्या नारळांएवढं. सहा महिन्यांचे हप्ते भरले. पुण्यात दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईनं गावी येऊन हे गळ्यात घालून फिरावं, हे आईला अजून पटलेलं नाही.

पण सामान विकत घेणं हा सोपा भाग. आपल्या किनाऱ्यावर ते टिकवणं कठीण. खारा वारा धातूला खातो आणि पावसाळ्यातली दमट हवा लेन्सच्या आत बुरशी धरवते. पहिल्या वर्षी मी लेन्स कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवली होती. गणपतीला काढली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. तेव्हापासून ती हवाबंद डब्यात असते, सोबत सिलिका जेल आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. एसी गाडीतून उतरून लगेच फोटो काढायला गेलात तर काचेवर धुकं धरतं. अर्धा तास बॅग बंदच ठेवायची. त्या अर्ध्या तासात चहा होतो.

दुसरी अडचण उजेडाची. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यावर छान ऊन पडतं. संध्याकाळी सगळे पर्यटक फोटो काढतात तेव्हा पक्षी नुसता काळा दिसतो. पण सकाळीही ऊन माडांच्या वर येईपर्यंत थांबावं लागतं आणि साडेनऊ-दहा झाले की तापलेल्या वाळूवरची हवा थरथरायला लागते. त्या थरथरीतून काढलेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरनं सुधारत नाही. म्हणजे कामाचे तास जेमतेम दोन.

त्या दोन तासांत पक्षी कुठे असतील, हे मला ॲपनं शिकवलं नाही. आपल्याच वर्गातल्या, रापणीवर जाणाऱ्या मित्रानं शिकवलं. मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होते. तो म्हणाला, "तिथी काय आसा ती बघ." अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तासानं पुढे. सुकतीला चिखल्या आणि तुतवार ओल्या वाळूवर पांगलेले असतात. भरती चढली की तेच सगळे एका कोरड्या पट्ट्यावर गोळा होऊन विश्रांती घेतात. रापण ओढायला लागली की कुरव, बगळे, घारी आपोआप येतात. सुरय कुठे पाण्यात सूर मारतात यावरून त्याला खाली मासा कुठे आहे ते कळतं. माझ्या सहा महिन्यांच्या हप्त्यांपेक्षा ही माहिती मोलाची, आणि ती मला एका चहावर मिळाली.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो घेतो. एका सकाळीत दोन-तीन हजार सहज होतात. ते निवडायला रात्र जाते. म्हणून मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला: फोटोतल्या कडा किती ठळक आहेत ते मोजायचं आणि अस्पष्ट फोटो बाजूला काढायचे. मोठ्या अभिमानानं चालवला. पहिल्या पन्नासात आलं काय? लाटेचा फेस, शिंपल्यांनी भरलेले खडक आणि रापणीचं जाळं. कडा त्यांच्याच जास्त! सुरयाचं गुळगुळीत पांढरं अंग बिचारं शेवटच्या यादीत. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी संगणकाला फेस ओळखायला शिकवलं. आता रात्री बसून डोळ्यांनीच निवडते.

दुसरं सॉफ्टवेअर फोटोतले दाणे काढणारं. कमी उजेडात फोटो खरखरीत येतो, हे सॉफ्टवेअर तो स्वच्छ करतं. मी वापरते. पण ते कधीकधी नसलेली पिसं भरतं, चोचीची कड स्वतःच ठरवतं. लहान आणि मोठा वाळू-चिखल्या यांतला फरक बराचसा चोचीच्या लांबी-जाडीवरून करायचा असतो. तिथे संगणकानं चोच रेखली तर ओळख कुणाची? आपल्या शास्त्राच्या सरांनी आठवीत वहीचे दोन भाग करायला लावले होते, आठवतं? डावीकडे "काय दिसलं", उजवीकडे "काय वाटलं". आपण कंटाळायचो. सर, मूळ फाइल आणि सुधारलेला फोटो मी आजही दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. ती तुमचीच वही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी खरं तर बोलायला तयार झाले, ती.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गावी आले होते. आपल्या मागच्या सड्यावर टिटवीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, कातळावरचे चार खडे आणि त्यात चार अंडी. रंग असा की दोनदा माझा पाय पडता पडता राहिला. टिटवी ओरडत डोक्यावर फिरली. मी दहा-बारा मीटरवर बसकण मारली. ती अंड्यांवर येऊन बसेल आणि मला फोटो मिळेल असा हिशोब. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ती उतरायची, दोन पावलं यायची, मला बघायची आणि उडायची. मी मनात म्हणत होते, अजून दहा मिनिटं.

तेवढ्यात गुरं घेऊन एक आजी आल्या. लांबूनच ओरडल्या, "गो बाय, ऊठ हयसून! तुका भियान ती येणा नाय. उन्हान अंडी शिजतली!"

मी हात कातळावर टेकला आणि झटक्यात उचलला. तो कातळ तव्यासारखा तापला होता. टिटवी उन्हात अंडी उबवायला बसत नाही, ती त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि त्या ओलाव्यानं अंडी थंड ठेवते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचून, दोन किलोची लेन्स लावून, तिला पाऊण तास अडवून मीच बसले होते.

उठले. लांब रस्त्यावर जाऊन मागे पाहिलं तर टिटवी धावत अंड्यांवर पोचली होती. फोटो काढला नाही. हात थरथरत होते, काढूनही आला नसता.

मे महिन्यात पुन्हा आले तेव्हा आजींना विचारलं. म्हणाल्या, तीन पिल्लं फिरताना पाहिली. चौथ्या अंड्याचं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. टिटवीची अंडी मुंगूस खातं, कावळा पळवतो, एखादं मुळातच रिकामं असतं. तेव्हा ते माझ्यामुळेच गेलं असं म्हणता येत नाही. गेलं नसेल असंही म्हणता येत नाही. सर, ते माझ्या वहीत अजून उजव्या बाजूला आहे.

तेव्हापासून घरट्याचा फोटो मी काढत नाही. चुकून आलाच तर फाइलमधलं जागेचं अक्षांश-रेखांश पुसल्याशिवाय कुणाला पाठवत नाही. भरतीला एका पट्टीवर बसलेल्या कुरवांच्या थव्यात धावत जाऊन "उडतानाचा" फोटो घेणारे दिसले की जाऊन सांगते. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून येतात आणि त्यांना परत तिथंच जायचं असतं. आपल्या प्रत्येक गमतीसाठी ते अंगातली थोडी चरबी जाळतात. सांगितलेलं सगळेच ऐकत नाहीत. आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरं, हॉटेलं आणि होड्या याच किनाऱ्यावर आहेत. पाहुण्यांना तुम्ही सांगितलंत तर माझ्यापेक्षा जास्त ऐकतील. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण थवा उठवणाऱ्याला अडवायला त्या सकाळी तिथे आपल्यातलंच कुणीतरी असावं लागतं.

म्हणून दोन विनंत्या. माझा जुना कॅमेरा आणि एक दुर्बीण मी आज शाळेला देते आहे. मुलांच्या हातात आधी दुर्बीण द्या, कॅमेरा नंतर. आणि दर फेब्रुवारीत देशभर शाळा-कॉलेजांच्या आवारात पक्षी मोजतात, तेव्हा आपल्या शाळेच्या आवारातही मोजूया. पंधरा मिनिटं, एक वही, दोन भाग. मी पुण्याहून येईन. रापणीवाल्या मित्रानं तिथी बघून सकाळी किनाऱ्यावर न्यायचं कबूल केलंय.

तर कॅमेरा कोणता, याचं उत्तर झालं. मॉडेलचा नंबर हवा असेल त्यांनी जेवताना विचारावा.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. या वेळी खरंच संपलेत.