फोन घ्यावा, हुकूम घेऊ नये

(मालवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अनोळखी नंबरावरून फोन आला तर तो उचलूच नये, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. शहरातल्या पगारदाराला तो परवडत असेल; आपल्या किनाऱ्याला परवडणारा नाही. तारकर्ली-देवबागला घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या बाईंचे गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच येते. हापूसची पेटी परस्पर पुण्याला पाठविणाऱ्या देवगडच्या बागायतदाराची तीच गत. ज्या घरचा मुलगा जहाजावर आहे, त्या घरी तर बंदरागणिक नवा नंबर, तोही परदेशी. अशा माणसांना फोन घेऊ नका म्हणणे म्हणजे दुकान उघडू नका म्हणणे होय. अनोळखी माणसाशी बोलणे हाच ज्यांच्या चरितार्थाचा भाग आहे त्यांनी काय करावे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

कोकणची अर्थव्यवस्था ही मनीऑर्डरची अर्थव्यवस्था, असे एके काळी म्हटले जाई. मुंबईच्या गिरणीतला पगार पोस्टमनच्या हातून घरी पोहोचे. पैसा सावकाश येई, परंतु घेणारा कोण हे ओळखण्याची जबाबदारी पोस्टाची असे आणि पोस्टमनला वाडीतले प्रत्येक घर ठाऊक असे. आज पैसा क्षणात जातो, आणि समोरचा खरा की खोटा हे ठरविण्याचे काम मात्र खातेदाराच्या गळ्यात पडले आहे. खर्च वाचला बँकांचा, जोखीम वाढली आपली. २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे सरकारने लोकसभेत सांगितले आहे. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट वाढ ही केवळ लोकांच्या भोळेपणाने होत नसते.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांना गाठण्याचा एक ठरलेला प्रकार आहे. बोलणारा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवितो. चार खोल्या हव्यात म्हणतो, दराची घासाघीस करीत नाही (येथेच शंका यावी!), आगाऊ रक्कम लगेच पाठवितो म्हणतो. मग एक क्यूआर कोड येतो: हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. मित्रहो, पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. दुसरा प्रकार, चुकून जास्त रक्कम आली, उरलेली परत करा, असा. सोबत बँकेसारखा दिसणारा संदेशही असतो. संदेशावर विसंबू नये. खात्यातली शिल्लक स्वतः पाहावी.

याहून क्रूर प्रकार भीतीच्या भांडवलावर चालतो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे, असे सांगून व्हिडिओवर गणवेशातला माणूस दाखविला जातो आणि 'डिजिटल अटक' झाल्याचे जाहीर होते. कॅमेरा बंद करू नका, घरच्यांना सांगू नका! अशी अटक भारतीय कायद्यात नाही. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेतील माणसाला, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याचा हक्क अबाधित असतो. १९७५ साली आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते यांना बंगलोरमध्ये पकडले, तेव्हाही पोलिसांना स्वतः जावे लागले होते. आणीबाणीलाही जे दुरून साधले नाही, ते आज कोणी फोनवर साधू पाहतो आहे.

नंबरावरून काय ओळखता येते? थोडेसे. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी बँकेचा म्हणून बोलू लागला, तर सावध व्हावे. मात्र पडद्यावर दिसणारा नंबर हा पुरावा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून भारतीय नंबराच्या सोंगाने येणारे फोन अडविणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांतच असे १.३५ कोटी फोन पकडले गेले. आवाजाचीही आता नक्कल होते.

म्हणून फोन जरूर घ्यावा, परंतु त्या फोनवर असताना पैसा, पिन, ओटीपी यांतले काहीही देऊ नये. सांगितलेले ॲप घेऊ नये, आलेली फाइल उघडू नये. फोन ठेवावा आणि पासबुकावरील किंवा कार्डामागील नंबर स्वतः फिरवावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर नको, तेथेही खोटे नंबर पेरलेले असतात. जहाजावरच्या मुलाने नवा नंबर घेतला तर घरच्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द त्याने आधी सांगावा, असे घरात ठरवून ठेवावे.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० वर कळवावे. चोरलेली रक्कम काही मिनिटांत खात्याखात्यांतून फिरते. ती वाटेत गोठविता आली तरच हाती लागते. नंतर बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व असे घातले, की पिन ग्राहकाने स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. पहिला भाग मला मान्य नाही. भीती घालून काढून घेतलेल्या संमतीला निष्काळजीपणा म्हणणे हा अन्याय आहे. पैसे ज्या भाड्याच्या खात्यात गेले ते कागदपत्रे तपासून कोणत्या तरी बँकेनेच उघडलेले असते. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला आणि अशा खात्यांमागील बँक अधिकाऱ्यांची भूमिका तपासण्याची मुभा दिली, ही योग्य दिशा आहे. आपल्याकडील तरुणांनाही सांगितले पाहिजे, की चार पैशांसाठी खाते वापरायला देणारा स्वतः आरोपी होतो.

फोनच्या पलीकडला आवाज कोणाचा, हेही पाहा. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना कोंडून त्यांच्याकडून अशी फसवणूक करवून घेतली जात असावी, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. नोकरीच्या खोट्या आमिषाने नेलेली ही मुले होती. असे आमिषही बहुधा अनोळखी नंबरावरूनच येते. तेव्हा परदेशी नोकरीचा फोन आला, तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, आणि नोकरी जहाजावरची असल्यास त्याच्यापाशी नौवहन महासंचालनालयाचा भरती-परवाना आहे का, हे मुलाच्या हाती तिकीट पडण्यापूर्वी शाखेच्या कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर बसून तपासावे.