कीटकभक्षी वनस्पती : संगोपन व निरीक्षण



साताऱ्याच्या कास पठारावर आणि कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती आढळते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांस चिकट द्रवाचे थेंब असतात. त्यांस कीटक चिकटला की केस त्याच्यावर वाकतात व पाचक रसाने त्याचे मृदू भाग विरघळतात. याच कुळातील एका वनस्पतीवर चार्ल्स डार्विन यांनी केलेले प्रयोग १८७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

‘ही वनस्पती कीटक खाते’ एवढे वाक्य मुले पाठ करतात. का खाते, हे मात्र विचारावयाचे राहून जाते. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे तीही सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते. परंतु तिच्या निकस जमिनीत नत्र अत्यल्प असते. ती उणीव कीटकांमुळे भरून निघते.

हे कारण उमगले की संगोपनाचे नियम मुलेच सांगू लागतात. कुंडीत शेणखत वा रासायनिक खत घालू नये. धुतलेली जाड वाळू व पीट यांचे मिश्रण भरावे. क्षारयुक्त विहिरीचे पाणी टाळून साठविलेले पावसाचे पाणी द्यावे. कुंडी पाण्याच्या उथळ ताटलीत, भरपूर उजेडात ठेवावी.

नवल असे की, कीटक खाणाऱ्या या वनस्पतीसही मावा छळतो. मधल्या कोवळ्या, न उलगडलेल्या पानांवर चिकट थेंब नसतात. मावा नेमका तेथे बसून रस शोषतो व पाने वेडीवाकडी होतात. अशा वेळी साबणाचे पाणी अथवा कीटकनाशक फवारू नये, कारण नाजूक केसांस त्याने इजा होते. मऊ कुंचल्याने मावा झाडावा. न गेल्यास कुंडी एक दिवस पावसाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावी. थेंब धुऊन जातात, पण काही दिवसांत पुन्हा येतात.

शेवटी एक आग्रहाची विनंती. विज्ञान प्रदर्शनासाठी सड्यावरील रोपे उपटून आणू नयेत. गवती दवबिंदूचे आयुष्य एका हंगामाचे असते. बी पडण्यापूर्वी तो उपटला, तर पुढील पावसाळ्यासाठी त्या जागी त्याचे बीज राहात नाही. वर्गात वाढवावयाचे रोप रोपवाटिकेतीलच असावे. सड्यावरील रोपांकडे मुलांना न्यावे, भिंग हाती द्यावे आणि वहीत चित्र काढवून घ्यावे. प्रदर्शनात ते चित्र मांडावे; रोप सड्यावरच राहू द्यावे.