बोटीवर दोघंच जायचं, तर घरी कोण?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘विसावा’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण पोटगी, रेशन, दारूचे गुत्ते अशा विषयांवर बोलत आहोत. माझ्या वाट्याला ‘विसावा’ हा विषय आला आहे. तो हलका आहे असं समजून जेवणानंतरची वेळ मला दिली असावी. पण तो हलका नाही, असं माझं मत आहे. त्यावर मोघम बोलण्यापेक्षा मी एक उदाहरणच घेते, आणि ते माझंच आहे.

येत्या डिसेंबरात मी आणि माझा नवरा मुंबईहून गोव्याला बोटीने जाणार आहोत. तीन रात्रींची सहल आहे. मुलं बरोबर नाहीत. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा सात. हे मी आमच्या गटात सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, “मजा आहे बाई तुझी!” दुसरी जरा हळू आवाजात म्हणाली, “मुलं लहान आहेत ना गं अजून?” तिसरी प्रतिक्रिया कुणी बोलून दाखवली नाही, पण ती मला चेहऱ्यांवर दिसली. चळवळीतल्या बाईला हे शोभतं का? माझा नवरा बँकेत आहे. त्याला तिथे ‘मुलं कोण सांभाळणार’ असं एकानेही विचारलं नाही. तेव्हा या तिन्ही प्रश्नांकडे आज नीट बघू या.

आधी ‘मजा’. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. तीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बाया २८९ मिनिटं, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषाचीही नऊ वाचली! आणि ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष घरात काडी हलवत नाहीत, ते या हिशेबात आलेलेच नाहीत. मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करण्याचा वेळ याहून वेगळा.

आता आपल्या घरच्या सहली आठवा. महाबळेश्वर असो की गणपतीपुळे, पिशव्या कोण भरतं? दशम्या, चटणी, औषधं, मुलाचा स्वेटर कोण आठवणीने घेतं? गाडीत उलटी झाली तर पुसतं कोण? म्हणजे चूल तेवढी घरी राहते, काम बरोबर येतं. म्हणून ‘मुलांशिवाय’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मुलं नकोशी झाली आहेत असा त्याचा अर्थ नाही. चोवीस तास कुणाच्या तरी हाकेला तयार राहण्यातून तीन दिवस सुटका, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बोटच का, असंही मला विचारलं. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. आमच्याकडे बोट ही नवरा-बायकोला जोडणारी गोष्ट कधीच नव्हती. बोट माणसाला मुंबईला न्यायची. तो गिरणीत, ती गावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद व्हायच्या आणि भेट पुढे जायची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या किती घरांत त्या दिवसानंतर बाईने एकटीने संसार ओढला असेल! त्याच किनाऱ्याने नवरा-बायकोने एकत्र जावं, असं मला वाटलं. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ची मोठी बोट निघू लागली, तेव्हापासून हे मनात होतं.

निवड कशी करायची, हे आता सांगते. पहिला मुद्दा पैशाचा आणि निर्णयाचा. आम्ही दोघांनी अठरा महिने वेगळ्या खात्यात पैसे टाकले, दोघांनी आपापल्या पगाराच्या प्रमाणात. त्यामुळे ‘मी तुला नेतोय’ हे वाक्य आमच्यात आलं नाही. ज्या बाईचा पगार नाही तिचाही या पैशात वाटा आहेच. वरची २८९ मिनिटं तिने घरात घातली म्हणून तर त्याची नोकरी चालते.

दुसरं, जाहिरातीतला आकडा. तो बहुधा माणशी असतो, आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून असतो. एकट्या बाईला जायचं तर बऱ्याच कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं घेतात. आपल्यातल्या एकट्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं. केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला, म्हणजे मुलांना, भाडं कमी असतं. ‘थोड्याच पैशात मुलंही येतील’ हा मोह तिथूनच सुरू होतो. त्या आकड्यात जेवण बहुतेक वेळा धरलेलं असतं. पण बंदराचे कर, कामगारांसाठी रोज माणशी कापली जाणारी बक्षिसी, दारू, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची भटकंती वेगळी असू शकते. सगळं मिळून किती, हे लेखी मागा.

तिसरं, केबिन. सर्वांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. मग खिडकीची, मग गॅलरीची. ज्यांना बोट लागते त्यांनी बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. आम्ही खिडकीची घेतली. मला झोपून समुद्र बघायचा आहे. दुसऱ्या कुठल्या कारणाची गरज मला वाटली नाही.

चौथं, कुठली बोट. फक्त मोठ्यांसाठीच्याही बोटी परदेशात आहेत. इंग्लंडच्या पी अँड ओ कंपनीच्या ‘आर्केडिया’ आणि ‘अरोरा’ तशा आहेत. ‘व्हर्जिन व्हॉयेजेस’ १८ वर्षांखालच्यांना घेतच नाही. पण तिथे विमानाचा खर्च आला, व्हिसा आला, सुट्टी जास्त लागली. गोव्याला जायला साधं ओळखपत्र पुरतं आणि काही अडलं तर आपण आपल्याच मुलखात असतो. परदेशी जाणाऱ्यांनी पासपोर्ट आपला आपल्याच पर्समध्ये ठेवावा, नवऱ्याच्या बॅगेत नको. दिवस असणाऱ्या बाईने बुकिंगआधीच विचारावं. चोवीस आठवडे होऊन गेले की बहुतेक कंपन्या बोटीवर घेत नाहीत.

पाचवं, सुरक्षितता. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली आणि ३२ माणसं दगावली. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून लांबच्या प्रवासाच्या बोटींवर, संकटात कुठे जमायचं याची तालीम बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते. ती चुकवू नका, आणि ‘माझ्या नवऱ्याला माहीत आहे’ असं म्हणून स्वस्थ बसू नका.

बायांच्या सुरक्षिततेचं आणखी एक अंग आहे. अमेरिकेने २०१० मध्ये बोटीवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा केला. केबिनच्या दाराला बाहेरचं दिसेल असं भोक, कठड्याची उंची किमान ४२ इंच, बलात्काराची वैद्यकीय तपासणी करू शकणारं प्रशिक्षित माणूस, आणि गंभीर गुन्ह्याची खबर त्यांच्या तपास यंत्रणेला देणं, हे सगळं त्यात आहे. असा कायदा करावा लागला यातच सगळं आलं. कुठल्याही बोटीचं बुकिंग करताना विचारा: बोटीवर डॉक्टर आहे का? तक्रार कुणाकडे करायची? बोट कुठल्या देशात नोंदलेली आहे? भर समुद्रात बहुतेक वेळा त्या देशाचा कायदा लागतो.

आता जरा अवघड बोलते. ‘दोघंच जाऊ’ हे वाक्य सगळ्याच बायांना गोड वाटत नाही. आमच्या सल्ला केंद्रात एक जण म्हणाली होती, “त्यांनी एवढा खर्च केला होता ताई, मग मी नाही कशी म्हणणार?” ती थंड हवेच्या ठिकाणच्या लॉजबद्दल बोलत होती. बोटीवर तर रात्री उठून एस.टी. पकडायचीही सोय नाही. अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही बलात्कार मानलेली नाही. तो अपवाद २०२४ मध्ये लागू झालेल्या या नव्या कायद्यातही तसाच ठेवला गेला. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, आणि अर्ज आपण जिथे राहतो तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो. म्हणून मी केंद्रात स्पष्ट सांगते, मारणाऱ्या नवऱ्यावर सहल हा उपाय नाही. ‘चार दिवस फिरून या, सगळं ठीक होईल’ असा सल्ला नातेवाईक देतात, तो आपण देऊ नये. जिथे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक घरात आहे, तिथेच दोघांनी दूर जाण्यात सुख आहे.

आता दुसरा प्रश्न, मुलं. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात. ‘आजी आहे ना’ असं म्हणणं सोपं होतं. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी बघेन, पण रात्रीचं उठणं होत नाही.” म्हणजे त्यांचं तीन रात्रींचं ‘होय’ खरं तर ‘नाही’ होतं. ते ऐकायला आपण शिकलं पाहिजे. मग मुलांची आत्या आणि तिचा नवरा राहायला येणार असं ठरलं. त्यांना फोन माझ्या नवऱ्याने केला. मुलांच्या जेवणाची, शाळेची, औषधांची यादीही त्यानेच लिहिली. पहिल्या यादीत डब्याचा पत्ता नव्हता. मी ती पुरी केली नाही, मुलीला विचार म्हटलं. मुलीने त्याला बावीस गोष्टी सांगितल्या! डॉक्टरांचा नंबर, आणि गरज पडली तर उपचार करावेत अशी आम्हा दोघांच्या सहीची चिठ्ठी आत्याकडे राहील. समुद्रात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा रोज फोन होणार नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवलं आहे.

स्वयंपाकाच्या मावशींना त्या दिवसांत दोन वेळा यावं लागेल. त्यांना विचारलं, जास्तीचे पैसे ठरवले, ते आधी दिले आणि नंतरची दोन दिवस भरपगारी रजाही ठरली. मावशींनाही दोन मुलं आहेत. माझा विसावा त्यांच्या फुकट कष्टावर उभा राहिला, तर बाईचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर गेलं, एवढंच होईल.

आता तिसरा प्रश्न, शोभण्याचा. या प्रश्नाची मला चीड येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. बोटीवर आपली चादर बदलणारा, ताट उचलणारा माणूस कुणाच्या तरी घरचा असतो. केंद्रात येणाऱ्या एका बाईचा नवरा अशाच बोटीवर कामाला आहे. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर, आणि सासर, मुलं, कर्ज सगळं हिच्यावर. जगभरच्या सागरी कामगारांसाठी २००६ चा करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. कामगाराला दिवसाला किमान दहा तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती मिळावी, किंवा काम दिवसाला चौदा आणि आठवड्याला ७२ तासांपेक्षा जास्त नसावं, असं त्यात आहे. म्हणजे कायद्याने चालणारी बोटसुद्धा आठवड्याला ७२ तास राबवून घेऊ शकते! नोकरी लावण्याचे पैसे कामगाराकडून घ्यायला या करारात मनाई आहे. आपल्या वस्तीतली मुलं-मुली अशा नोकरीला निघाली आणि एजंट पैसे मागू लागला, तर हे त्यांना सांगा.

मग जाऊच नये का? मी जाणार आहे. कष्टकऱ्यांविषयीची जाणीव म्हणजे आपण कधी विसावायचंच नाही, असं मी मानत नाही. आपल्या चळवळीने आठ तासांच्या कामाबरोबर विश्रांतीचाही हक्क मागितला आहे. तो फक्त गिरणीतल्या माणसाचा नाही. घरातल्या बाईचा आहे, बोटीवरच्या कामगाराचा आहे, आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचाही आहे. आपल्यातल्या किती जणींची पाठ, रक्तदाब, झोप बिघडली आहे, ते आपल्याला माहीत आहे.

शेवटी एक सुचवते. बोटीचे पैसे सगळ्यांकडे नसतात. पण मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे. प्रत्येक गटाने चार-पाच घरांची जोडणी करावी. एका महिन्यात एका घरची मुलं बाकीच्यांनी दोन दिवस सांभाळायची. सांभाळायच्या पाळीत बापांची नावं आधी लिहायची. त्या घरच्या बाईने कुठे जायचं, नवऱ्याबरोबर, मैत्रिणीबरोबर की एकटीनेच, हे तिने ठरवायचं. ती घरीच झोपून राहिली तरी चालेल, पण तिला हाक मारायची नाही. पहिली यादी आज संध्याकाळच्या चहाला करू या. जानेवारीतल्या पाळीत आमच्या घराचं नाव घाला, सांभाळणाऱ्यांमध्ये. नवऱ्याला विचारलं आहे, तो हो म्हणाला आहे.